स्पीड कॅमेऱ्याचं चलान आलंय? भरण्याआधी आकड्याचा हिशेब मागा

गिरगावात मामेबहिणीचा साखरपुडा होता. रविवारी रात्री सगळं आटोपून आम्ही मुलुंडला परतलो आणि चौथ्या दिवशी दुपारी, ऑफिसात डबा उघडत असताना मोबाइल वाजला. अतिवेगाचं ई-चलान, दोन हजार रुपये. ठिकाण शहरातला एक उड्डाणपूल आणि वेग ताशी ९१. गाडीत मागच्या सीटवर ऐंशीला टेकलेली आजी, तिच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा. नव्वदने गाडी हाणली असती तर आजीने मला तिथेच खाली उतरवलं असतं.

पण हे मी तक्रारीत लिहिलं आणि तक्रार एका ओळीत फेटाळली गेली. बरोबरच झालं. आजी हा पुरावा नाही.

त्यानंतर चार महिने कागद मागण्यात गेले आणि शेवटी चलान रद्द झालं. त्या खटाटोपात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. आधीच सांगतो, मी वकील नाही. आणि दरवेळी भांडावंच असंही माझं म्हणणं नाही. मागे सागरी सेतूवर माझ्या नावावर ९४ चा आकडा लागला होता. तिथली मर्यादा ८० ची, फोटोत माझी एकटीच गाडी, आणि त्या दिवशी मी खरोखरच घाईत होतो. ते चलान मी त्याच संध्याकाळी भरलं.

१. मेसेज खरा आहे का, ते आधी बघा

हल्ली चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) येते. ती उघडली की दोन हजारांऐवजी खात्यातले पन्नास हजार जातात. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवूच नका. महाट्रॅफिकचं अ‍ॅप किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलान पोर्टल स्वतः उघडा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हवंच. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. दिसलं नाही तर मेसेज खोटा समजा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

२. पैसे भरू नका, आणि स्वस्थही बसू नका

हा सगळ्यात मोठा सापळा. ‘आधी भरून टाकू, मग तक्रार करू’ असं पुष्कळांना वाटतं. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड करणं. तडजोड झाली की प्रकरण मिटलं. मग तक्रार कशाची करणार?

याच्या उलटही माणसं भेटतात. ‘सहा महिने गप्प बसा, आपोआप रद्द होतं,’ असं चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. या समजुतीमागे एक खरा नियम आहे, त्याबद्दल कोर्टाच्या टप्प्यात सांगतो. पण पोर्टलवरचं चलान आपोआप कुठेही जात नाही, गाडी विकायला काढली की ते पुढे उभं राहतं. चलान मान्य करायला किंवा त्याला आव्हान द्यायला मुदत असते. ती पोर्टलवर बघा आणि कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवा. मुदत टळली की तुम्ही चलान मान्य केलंय असं धरलं जाऊ शकतं.

कारला महाराष्ट्रात अतिवेगाचा तडजोडीचा दंड २,००० रुपये आहे. कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम किंवा जड वाहनाला २,००० ते ४,००० अशी तरतूद आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त होण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. म्हणून ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याने चुकीचं पहिलं चलान ‘जाऊ दे, दोन हजारच आहेत’ म्हणून सोडून देऊ नये.

३. फोटो मोठा करून बघा, शक्यतो लॅपटॉपवर

माझं प्रकरण इथेच फिरलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मला आधी जो फोटो दिसला त्यात फक्त माझी नंबर प्लेट आणि बंपर होता, कापून मोठा केलेला. नंबर माझा, बंपरवरचा गणपतीचा स्टिकरही माझाच. मी हात टेकले होते. पण चित्राच्या डाव्या कडेला पिवळ्या रंगाची बोटभर पट्टी दिसत होती. ती काय आहे हे दोन दिवस कळेना. पुढे पूर्ण चौकट हातात आली तेव्हा कळलं की ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं छत होतं. टॅक्सी डाव्या लेनमधून मला मागे टाकत पुढे निघाली होती आणि तिचा अर्धा भाग माझ्याही पुढे होता. ९१ हा आकडा चौकटीच्या कोपऱ्यात छापलेला. तो दोघांपैकी कोणाचा, हे दाखवणारी एकही खूण नव्हती.

तेव्हा फोटोत काय शोधायचं?

नंबर प्लेट नीट वाचा. ८ आणि ३, ० आणि ६, इंग्रजीतला बी आणि ८ यांची गल्लत यंत्राकडून होते. मग गाडी बघा. कंपनी, रंग, छतावरचा कॅरिअर, दारावरचा ओरखडा, नंबर प्लेट जुनी की उच्च सुरक्षा वाली. गाडी तुमच्याच मॉडेलची असून ओरखडा जागेवर नसेल, तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर वेगाचा वाद बाजूला ठेवा आणि आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस तुमच्या दारात येतील.

त्यानंतर चौकटीत आणखी किती वाहनं आहेत ते मोजा. तारीख, वेळ, ठिकाण, वेग आणि मर्यादा हे पाचही तपशील छापलेत का ते तपासा. आणि एकच फोटो आहे की दोन, हेही बघा. दोन असतील आणि दोन्हींवर सेकंद छापलेले असतील तर हिशेब तुम्हीच करू शकता, तो पुढे देतो.

जे दिसेल त्याचा लगेच स्क्रीनशॉट काढा. पोर्टलवर आज दिसलेलं उद्याही दिसेल याची खात्री नसते.

४. त्या जागी जाऊन या

शक्य झालं तर रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, शेजारच्या सीटवर कोणालातरी बसवून त्या मार्गावरून एक फेरी मारा आणि त्याला व्हिडिओ काढायला सांगा. गाडी चालवताना स्वतः मोबाइल हातात घ्याल तर दुसरं चलान घेऊन घरी याल.

तुम्ही दोन गोष्टी शोधताय. पहिली, वेगमर्यादेचा फलक. कलम ११२ प्रमाणे सरकार एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा लावतं तेव्हा राजपत्रात अधिसूचना लागते आणि रस्त्यावर फलकही लागतो. दुसरी, कॅमेऱ्याची आगाऊ सूचना. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. त्यात म्हटलंय की कॅमेऱ्याच्या नजरेखालच्या टप्प्याच्या आधी ठळक फलक लावून लोकांना तसं कळवलं पाहिजे. फलक फांदीआड गेला असेल किंवा होर्डिंगमागे लपला असेल तर तारखेसह फोटो काढा.

मुंबईत आणखी एक घोळ होतो. एकाच सलग रस्त्यावर मर्यादा बदलत जाते. किनारी रस्त्यावर सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढ-उताराच्या जोडरस्त्यांवर ४०. अटल सेतूवर कारला १००, पण रॅम्पवर ४०. त्यामुळे ‘मी ७२ वर होतो, तिथे ८० आहे’ असं लिहिण्याआधी कॅमेरा नेमका कुठे आहे ते बघा. ७२ बोगद्यात असेल तर तुम्हीच कबुली लिहून दिलीत. उलट कॅमेरा सरळ पट्ट्यातला असून चलानावर मर्यादा ६० छापली असेल तर तो मुद्दा सोन्यासारखा आहे.

आता हिशेब. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर, ९० म्हणजे २५. दोन फोटोंमध्ये एक सेकंद असेल आणि गाडी दोन खांबांच्या मधलं १८ मीटर अंतर कापून गेली असेल, तर वेग ६५ च्या आसपास येतो, ९० येत नाही. सरासरी वेगालाही हेच गणित लागतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांमधली सरासरीही मोजली जाते. समजा, किनारी रस्त्याच्या बोगद्याची लांबी घेतली, २.०७ किलोमीटर. साठच्या वेगाने तो पार करायला २ मिनिटं ४ सेकंद लागतात. तुमच्या डॅशकॅममध्ये बोगद्यात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ असेल तर सरासरी किती होती हे पाचवीतलं पोरगंही काढून देईल. फक्त एक ध्यानात ठेवा. सरासरी कमी निघाली म्हणून एका क्षणाचा वेग जास्त नव्हताच, असं सिद्ध होत नाही.

५. आकडा कुठून आला ते समजून घ्या

‘कॅमेऱ्याने पकडलं’ असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा कॅमेरा नुसता फोटो काढतो, वेग मोजणारं यंत्र वेगळं असतं. ते कोणतं आहे, त्यावर तुमचा मुद्दा चालणार की पडणार हे ठरतं.

रडार समजायला कांजूरमार्गच्या फलाटावर उभे राहा. न थांबणारी फास्ट लोकल भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. रडारच्या लहरींचंही असंच होतं. गाडीवर आपटून परतताना त्यांची वारंवारता बदलते आणि त्या फरकावरून वेग निघतो. पण रडारचा झोत पसरतो. शेजारच्या लेनमधली जास्त वेगातली किंवा आकाराने मोठी गाडी त्यात आली तर आकडा तिचा असू शकतो. माझ्या टॅक्सीचा मुद्दा या कारणाने टिकला.

लेझरची गोष्ट वेगळी. इंटरसेप्टर म्हणजे रस्त्यावर वेग तपासणाऱ्या पोलिसांच्या गाडीतली लेझर गन एका गाडीवर नेम धरून मोजते, तिचा किरण अरुंद असतो. तिथे ‘शेजारी दुसरी गाडी होती’ हा मुद्दा फारसा चालत नाही. तिथे विचारायचं ते असं: गन कोणी धरली होती, त्याला प्रशिक्षण होतं का, किती अंतरावरून मोजलं.

आणखी एक युक्तिवाद लोक हिरिरीने मांडतात, ‘यंत्र तिरकं लावलंय’. रस्त्याकडे तिरकं बघणारं रडार खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. वीस अंशांचा कोन असेल तर ८० चा वेग ७५ दिसतो. म्हणजे तिरकेपणाचा फायदा तुम्हालाच मिळालाय, तो कशाला उकरून काढता? काही यंत्रांत हा कोन आधीच भरलेला असतो आणि त्याप्रमाणे आकडा वाढवून घेतला जातो. तसं यंत्र असेल आणि ते ठरलेल्या कोनात बसवलं नसेल, तरच या मुद्द्यात दम आहे.

यंत्र कुठलंही असो, त्याला कागद लागतो. नियम १६७ अ प्रमाणे ते अचूक आहे आणि नीट चालतंय असं राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. शिवाय रडारच्या यंत्रांसाठी वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याचे, नियम १ जुलै २०२५ पासून लागू झालेत, त्यांप्रमाणे पडताळणी आणि शिक्का हवा. दादरच्या भाजी मंडईत पाव किलो मिरची मोजणाऱ्या काट्यालाही शिक्का लागतो. दोन हजारांचा दंड मोजणाऱ्या यंत्राला तो मागण्यात लाजायचं कारण नाही.

६. फाइलमध्ये काय काय हवं

एक प्लॅस्टिकची फाइल घ्या आणि त्यात हे ठेवा:

- चलानाची प्रिंट, शक्यतो रंगीत. मेसेज आल्याची तारीख दिसणारा स्क्रीनशॉट
- आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी यांच्या प्रती (डिजिलॉकरमधल्या चालतात)
- आपल्या गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो
- फास्टॅगचं स्टेटमेंट. टोलनाक्यावरची वेळ तुम्ही कुठे होतात ते सांगते
- डॅशकॅमची मूळ फाइल. बहुतेक डॅशकॅम जुनं पुसून त्यावरच नवं साठवतात, म्हणून चलान आलं त्याच दिवशी कार्ड बाहेर काढा
- जागेवरचे फोटो, व्हिडिओ
- गाडी विकली असेल तर विक्रीची आणि हस्तांतरणाची कागदं

मेसेजची तारीख कशासाठी? नियम १६७ अ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची असते. दोन महिन्यांनी आली असेल तर तो मुद्दा तक्रारीत पहिला घ्या.

स्पीडोमीटरच्या भरवशावर मात्र जाऊ नका. ‘काटा ७५ वर होता’ याला तुमच्या शब्दापलीकडे आधार नाही.

७. तक्रार लिहिताना रडगाणं नको

पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. तिथे जागा थोडी असते आणि वाचणाऱ्यासमोर अशा तक्रारींचा ढीग असतो. माझी पहिली तक्रार दीड पानाची होती. त्यात आजी, श्रीखंड, वीस वर्षांत एकही अपघात नाही, रस्त्यांवरचे खड्डे, सगळं होतं. उत्तर आलं, ‘फोटोत वाहन स्पष्ट दिसते.’ मी जे विचारलंच नव्हतं, त्याचं ते अचूक उत्तर होतं.

दुसरी तक्रार अशी लिहिली:

‘चलान क्रमांक अमुक. छायाचित्रात दोन वाहने दिसतात, माझे वाहन व डाव्या लेनमध्ये टॅक्सी. नोंदवलेला वेग कोणत्या वाहनाचा आहे हे छायाचित्रावरून स्पष्ट होत नाही. मूळ पूर्ण छायाचित्र, यंत्राचा प्रकार व क्रमांक, आणि त्या तारखेला लागू असलेले अचूकतेचे प्रमाणपत्र तपासून चलान रद्द करावे, ही विनंती. सोबत जोडलेली कागदपत्रे: ३.’

बस्स. एक मुद्दा, एक मागणी. तीन मुद्दे असतील तर सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घ्या. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा. समक्ष जाऊन अर्ज देणार असाल तर दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय परत फिरू नका. ‘ठेवा, बघतो’ म्हटलं तर हसून सांगा, ‘साहेब, शिक्का तेवढा द्या.’

इथला एक सापळा ओळखा. ‘मी गाडीत नव्हतोच’ हे वाक्य सहज लिहिलं जातं. मग कोण होतं? कलम १३३ प्रमाणे विचारणा झाली तर चालकाचं नाव आणि लायसन्सची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाच्याचं नाव घ्यायची तयारी नसेल तर ते वाक्य लिहू नका.

८. कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो, किंवा जोडपत्र ‘अ’ भरून त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे देता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे पाळा, नाहीतर तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

‘का’ विचारू नका. ‘माझ्या गाडीला चुकीचं चलान का दिलं?’ याला उत्तर मिळत नाही, कारण कार्यालयात जो कागद आहे तोच या कायद्याखाली मागता येतो. म्हणून नेमके कागद मागा: चलानाचं मूळ न कापलेलं छायाचित्र, यंत्राचा मेक, मॉडेल, क्रमांक, त्या तारखेला लागू असलेलं अचूकतेचं प्रमाणपत्र, वैधमापनाच्या पडताळणीची प्रत, त्या रस्त्यावरच्या वेगमर्यादेची अधिसूचना, इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचं प्रमाणपत्र (ते कशाला, हे कोर्टाच्या टप्प्यात सांगतो).

उत्तराची मुदत तीस दिवस. मला सत्ताविसाव्या दिवशी लिफाफा आला. मी मनात धरून बसलो होतो की प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघणार, मित्रांना तसं सांगूनही झालं होतं. प्रमाणपत्र चांगलं जिवंत निघालं, आणखी पाच महिने चालणारं. यंत्र ठीक होतं. पण त्याच लिफाफ्यात पूर्ण चौकटीची प्रिंट होती आणि तिच्यात ती टॅक्सी. ज्या मुद्द्यावर मी उड्या मारत होतो तो पडला आणि दुसराच हाती लागला. म्हणून एकाच मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका, कागद सगळे मागा.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. आणि विसरू नका, तुमचा आरटीआय अर्ज पडून असला तरी चलानाची मुदत थांबत नाही. दोन्ही घड्याळं वेगळी चालतात.

९. प्रकरण कोर्टात गेलं तर

माझं तिथवर गेलं नाही. दुसऱ्या तक्रारीसोबत फोटोची प्रिंट घेऊन समक्ष गेलो. खुर्चीतल्या अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून प्रिंट डोळ्यांजवळ नेली, टॅक्सीवर पेन टेकवलं आणि म्हणाले, ‘ही पहिल्यांदा का नाही दाखवलीत?’ मी काय बोलणार? पण आमच्या चाळीतले एक काका टेम्पो चालवतात, त्यांच्याबरोबर दोन तारखांना दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बसलोय. त्यावरून सांगतो.

समन्स आलं तर टाळू नका. तुम्हाला आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? आवारात भेटणारी निम्मी माणसं सल्ला देतील, ‘कबूल करा, दंड भरा, घरी जा.’ ज्याची चूक आहे त्याच्यासाठी तो सल्ला उत्तम आहे. पण लढायला आला असाल तर उत्तर ‘कबूल नाही’ इतकंच. गोष्ट सांगत बसू नका.

आता सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावर. कलम १८३ (३) प्रमाणे एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. म्हणजे सगळी भिस्त यंत्रावर. आणि यंत्राने काढलेला फोटो ही इलेक्ट्रॉनिक नोंद आहे, तिला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब (४) खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ (४) खाली. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्का केला, तोही आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. तिथे वाद उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही याचा होता आणि पुरावा होता व्हिडिओ चित्रीकरण. मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, असं न्यायालय म्हणालं. वेगाच्या चलानात हा निकाल वकील हमखास पुढे ठेवतात.

टपरीवरचा सहा महिन्यांचा नियम तो हा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. पण हा आक्षेप कोर्टात उभं राहून घ्यावा लागतो, घरी बसून त्याचा उपयोग नाही.

वकील करायचा का? कारच्या एका चलानासाठी वकिलाची फी आणि बुडालेल्या रजा मोजल्या तर दोन हजार स्वस्त पडतात, हे सरळ आहे. काकांचं तसं नव्हतं. त्यांच्या नावावर आधी एक चलान होतं आणि लायसन्स गेलं तर चूल बंद. त्यांनी वकील केला आणि ते योग्यच झालं.

लोकअदालतीची नोटीस आली तर तिचा अर्थ नीट समजून घ्या. तिथे तडजोड होते. तुमचा फोटो, यंत्र, फलक तिथे कोणी तपासत बसत नाही. थकलेली जुनी चलानं एकदाची मिटवायची असतील तर जरूर जा. पुरावा खोडायचा असेल तर तिथे सही करण्याआधी थांबा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

१०. रद्द झालं म्हणाले तरी तपासा

‘झालं तुमचं काम’ हे ऐकून मी खुशीत वडापाव खाऊन घरी आलो. आठवड्याने बघतो तर चलान एका ठिकाणी रद्द आणि दुसऱ्या ठिकाणी अजून प्रलंबित. राज्याच्या पोर्टलवर, केंद्राच्या परिवहन पोर्टलवर आणि एम-परिवहन अ‍ॅपमध्ये, तिन्हीकडे बघा. मेळ बसत नसेल तर रद्द झाल्याच्या स्क्रीनशॉटसह पुन्हा तक्रार टाका. कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा, साधी झेरॉक्स चालत नाही. ती फाइल गाडी विकेपर्यंत टाकू नका. खरेदीदार टायरला लाथ मारायच्या आधी चलान तपासतो.